अदोनीराम जडसन : बेड्या निघाल्यानंतरची वर्षे

गावोगावच्या मंडळ्यांत काम करणाऱ्या उपदेशक बंधूंकडून एक प्रश्न आम्हांकडे वारंवार येत असतो. एखाद्या कुटुंबावर घोर प्रसंग गुदरतो. पुरात घर वाहून जाते, आगीत लेकरू जाते, दंग्यात डोळ्यांदेखत भावाचा जीव घेतला जातो. प्रसंग सरतो, वर्ष लोटते, शेजारपाजार ते विसरून जातो. पण ज्याने तो सोसला त्यास मात्र विसर पडत नाही. तो रात्री दचकून उठतो. भांडे पडल्याच्या आवाजाने त्याचे अंग थरथरते. उपासनेस येईनासा होतो, आणि आलाच तर दारापाशी बसतो; प्रार्थनेस उभे केले असता त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. मग कोणी म्हणतो की ह्याचा विश्वास खचला, कोणी म्हणतो की ह्याने काही गुप्त पाप केले असावे. आणि बिचारा उपदेशक आम्हांस विचारतो की, असा मनुष्य पुन्हा पुरता बरा होतो काय, की जन्मभर असाच राहतो?

ह्या प्रश्नावर आम्ही आपल्या पदरचा उपदेश करण्याऐवजी एका मनुष्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवितो. हा मनुष्य दुबळ्या विश्वासाचा होता असे म्हणण्यास कोणाचीही जीभ धजणार नाही. ब्रह्मदेशाच्या लोकांस त्यांच्या भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्र देणारे अदोनीराम जडसन साहेब ते हे होत.

आपल्या महाराष्ट्रातील मंडळ्यांचे त्यांच्याशी जुने नाते आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. सन 1812 च्या फेब्रुवारीच्या 6 तारखेस अमेरिकेतील सेलेम गावच्या देवळात पाच तरुणांवर हात ठेवून त्यांस परदेशी सुवार्ताकार्यासाठी नेमण्यात आले. त्यांत जडसन होते, आणि त्यांच्याच बरोबर गुडघे टेकून बसलेले दोघे म्हणजे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट. हे दोघे 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईस उतरले आणि त्यांच्या हातून अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. हॉल साहेब 20 मार्च 1826 रोजी नाशिककडील फेरीत वाटेवरच पटकीने वारले. जडसन प्रवासात असताना बाप्तिस्म्याविषयी निराळ्या मताचे झाले व बॅप्टिस्ट मंडळीस मिळाले, म्हणून त्यांची वाट वेगळी झाली. त्या वादाचे आज येथे प्रयोजन नाही.

जडसन ह्यांचा जन्म 9 ऑगस्ट 1788 रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील माल्डन गावी झाला. वडील पाळक असून त्यांचेही नाव अदोनीरामच होते. शलमोन राजाच्या वेठीच्या कामकऱ्यांवर जो अधिकारी होता त्याचे हे नाव. ते धारण करणाऱ्या मुलास पुढे दुसऱ्या एका राजाच्या तुरुंगात दिवस कंठावे लागतील हे त्या वेळी कोणाच्या मनात आले असणार? मुलगा बुद्धीने अति तीव्र, पण शिक्षण चालू असता नास्तिक मित्राच्या संगतीने त्याची श्रद्धा उडाली. पुढे तो देवाकडे वळला. 5 फेब्रुवारी 1812 रोजी, म्हणजे नेमणुकीच्या आदल्याच दिवशी, ॲन हॅसेल्टाइन ह्या सुशील व धैर्यवान कन्येशी त्यांचा विवाह झाला, आणि त्याच महिन्यात उभयतांनी गलबतावर पाऊल ठेविले. कंपनी सरकारने त्यांस कलकत्त्यात राहू दिले नाही. फिरत फिरत 13 जुलै 1813 रोजी ती रंगूनला पोहोचली. ह्या शहरास आता यांगून म्हणतात, व देशास म्यानमार.

पहिला ब्रह्मी मनुष्य, मौंग नाव, ह्याचा बाप्तिस्मा 27 जून 1819 रोजी झाला. म्हणजे सहा वर्षे पेरणी आणि एक कणीस. आपल्या खेड्यांत दोन वर्षांत फळ दिसले नाही म्हणून खिन्न होणाऱ्या बंधूंनी एवढे ध्यानात घ्यावे. सन 1823 मध्ये नव्या कराराचे भाषांतर हातचे लिहून पुरे झाले, आणि 1824 च्या आरंभी जडसन साहेब व बाई राजधानी आवा येथे राहावयास गेली. त्याच वर्षी इंग्रजांचे व ब्रह्मी राजाचे युद्ध जुंपले. जो कोणी इंग्रजी बोले तो हेर, असा दरबारचा समज झाला. जडसन अमेरिकन होते, इंग्रज नव्हते. पण हा भेद कोण ऐकून घेतो!

8 जून 1824 रोजी संध्याकाळी जेवणाच्या वेळी राजाचे शिपाई घरात शिरले. त्यांच्या बरोबर तोंडावर डाग गोंदलेला एक मनुष्य होता. तो फाशी देणाऱ्यांपैकी, म्हणजे पूर्वी स्वतः गुन्हेगार असून पुढे इतरांचे प्राण घेण्याच्या कामी लावलेला. त्याने जडसन ह्यांस जमिनीवर पाडून दोरीने असे आवळले की श्वास घेणे कठीण झाले, आणि त्यांस लेत-मा-यून नावाच्या तुरुंगात नेऊन टाकिले.

तेथील हाल आम्ही थोडक्यातच सांगतो, कारण भीषण गोष्टी चवीने वर्णन करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. पण पुढचे समजण्यास थोडे सांगणे भाग आहे. खोलीस खिडकी नव्हती. पायांत बेड्यांचे तीन जोड. रात्र पडली की कैद्यांच्या पायांमधून एक लांब बांबू घालून तो वर ओढून टांगीत, तेणेकरून पाय अधांतरी आणि केवळ खांदे व डोके जमिनीवर टेकलेले, अशा स्थितीत रात्र काढावयाची. दुपारी तीनचा ठोका जवळ आला की सारा तुरुंग चिडीचूप होई. त्या वेळी फाशी देणारे आत येत, कोणा एकाच्या खांद्यावर हात ठेवीत आणि त्यास बाहेर नेत. नेलेला परत येत नसे. आज कोणाचा हात धरतील हे आधी कोणासही कळत नसे. असे रोज, महिनोन्महिने.

ॲनबाई त्या वेळी गरोदर होत्या. त्या रोज एका अधिकाऱ्याच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जात, विनवण्या करीत, भेटी देत, आणि मिळेल तेवढे अन्न तुरुंगात पोहोचवीत. नव्या कराराची हस्तलिखिते त्यांनी आधी जमिनीत पुरून ठेविली; पावसाने ती कुजतील म्हणून मग एका कठीण, ओबडधोबड उशीत शिवली आणि ती उशी नवऱ्याकडे तुरुंगात दिली, हेतू हा की इतकी वाईट उशी कोणी चोरू नये. एकदा बाईंनी म्हशीचे मांस व केळी ह्यांचे सारण भरून, त्यांच्या मायदेशी सणासुदीस होते तसे एक पक्वान्न मोठ्या खटपटीने केले व पाठविले. ज्या मनुष्याने बेड्या, उपास व शिव्या निमूटपणे सोसल्या होत्या, तो ते पान पाहून गुडघ्यांत डोके घालून रडला. त्यास एक घासही गिळवला नाही. त्याने ते शेजारच्या कैद्यास दिले. 26 जानेवारी 1825 रोजी कन्या मारिया जन्मली.

बेड्या पाच जोड झाल्या. तापाने जडसन मरणाच्या दारी टेकले. त्या अंगणात एका सिंहाचा पिंजरा होता. सिंह हे इंग्रजांचे चिन्ह, म्हणून त्या मुक्या जनावरास उपाशी ठेवून मारण्यात आले होते. ॲनबाईंनी याचना करून तो रिकामा पिंजरा आपल्या आजारी पतीसाठी मागून घेतला, व त्या कोंदट खोलीच्या मानाने तो राजवाडा ठरला. पुढे 2 मे 1825 रोजी कैद्यांस भर उन्हात अनवाणी हाकीत औंग-पेन-ला येथे नेले. तापलेल्या वाळूने जडसन ह्यांच्या तळव्यांची कातडी सोलून निघाली. त्या वाटेवर एका इंग्रज कैद्याच्या बंगाली चाकराने आपले पागोटे फाडून अर्धे आपल्या धन्याच्या व अर्धे जडसन ह्यांच्या पायांस गुंडाळले, आणि पुढे आपल्या खांद्याचा आधार देऊन त्यांस नेले. त्या चाकराचे नाव कोणी लिहून ठेविले नाही, ही खेदाची गोष्ट होय. नव्या तुरुंगाजवळ ॲनबाई दुखण्याने अंथरुणास खिळल्या, त्यांचे दूध आटले. तेव्हा जडसन तुरुंगाधिकाऱ्याची परवानगी काढून, पायांत बेड्या असताच, तान्ह्या मारियेस उचलून गावातील लेकुरवाळ्या बायांच्या दारी दूध मागत फिरत.

नऊ महिने तीन जोड, दोन महिने पाच जोड, सहा महिने एक जोड. मिळून 17 महिने त्यांच्या पायांत लोखंड होते. पुढे राजास दुभाष्याची गरज पडली म्हणून बेड्या निघाल्या. 24 फेब्रुवारी 1826 रोजी यांदाबो येथे तह झाला आणि ते कुटुंब इरावती नदीतून खाली आले. ती हस्तलिखितांची उशी तुरुंग बदलताना फेकून दिली गेली होती. मौंग इंग नावाच्या विश्वासू बंधूने आतली कापसाची गुंडाळी साहेबांची आठवण म्हणून उचलून नेली होती, आणि तिच्या पोटात नवा करार सुखरूप निघाला.

आमच्या लहानपणी जी चरित्रे आम्हांस वाचावयास मिळत, ती बहुधा येथे गोष्टीचा सुखाचा शेवट करून पुढे एकदम शास्त्राच्या छपाईवर उडी मारीत. परंतु आमच्या उपदेशक बंधूंचा प्रश्न येथूनच सुरू होतो. बेड्या निघाल्या, मनुष्य मोकळा झाला काय?

त्या वर्षी जडसन ह्यांस तहाच्या पुढील बोलण्यासाठी दुभाष्या म्हणून पुन्हा आवा येथे जावे लागले. ब्रह्मी लोकांस धर्माची मोकळीक मिळावी असे एक कलम तहात घालता येईल, ह्या आशेने ते गेले. ती आशा फळास आली नाही. पत्नी व मूल ॲमहर्स्ट ह्या नव्या वसाहतीत राहिली होती. नोव्हेंबरात काळ्या शिक्क्याचे पत्र त्यांच्या हाती पडले. आणणाऱ्याने मूल गेल्याबद्दल दुःख दाखविले, म्हणून त्यांनी मारियेच्या मृत्यूची तयारी मनाशी करून ते फोडिले. आत लिहिले होते की 24 ऑक्टोबर 1826 रोजी ॲनबाई वारल्या. ज्या बाईने त्यांस 17 महिने जिवंत ठेविले, तिच्या अंतकाळी ते जवळ नव्हते. 24 एप्रिल 1827 रोजी, बरोबर सहा महिन्यांनी, मारियाही गेली. ती दोन वर्षे तीन महिन्यांची होती. पाठोपाठ अमेरिकेहून वडील वारल्याचे वर्तमान आले.

त्यानंतर जडसन ह्यांच्या ठायी जो पालट झाला, तो त्यांच्या सोबत्यांस प्रथम कळलाच नाही, कारण त्याने भक्तीचा वेष घेतला होता. ते मोलमीन येथे राहत. लोकांस शिकविण्याचे काम त्यांनी सर्वस्वी सोडले नव्हते. परंतु 1828 साली त्यांनी विद्यापीठाने दिलेली डॉक्टर ही पदवी टाकून दिली. गव्हर्नर जनरलकडून आलेले आभाराचे पत्र व इतर जुनी पत्रे नष्ट केली. जवळचे सर्व द्रव्य मिशनला देऊन टाकिले. मित्रांच्या घरी जेवणे बंद केले. पत्नीच्या दुसऱ्या मृत्युदिनी ते रानाच्या कडेस बांधलेल्या एका झोपडीत एकटेच राहावयास गेले. थोडासा भात खाऊन राहत. त्यांनी आपली कबर खणविली, आणि तिच्या काठावर बसून आपला देह आत कसा कुजत जाईल ह्याचे चिंतन करीत ते तासन् तास घालवीत. तिसऱ्या मृत्युदिनी लिहिलेल्या पत्रात त्यांनी कबूल केले की, देवावर आपला विश्वास आहे, परंतु तो आपणास कोठे भेटत नाही.

वाचकहो, हे शब्द ब्रह्मदेशाच्या प्रेषिताचे आहेत. आपल्या मंडळीतील कोणी दारापाशी बसणारा भाऊ असे बोलला असता, तर आपण त्यास काय म्हटले असते?

त्यागाची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. द्रव्य देऊन टाकणे हे चांगले आहे. तथापि ह्या सर्व कृत्यांत आम्हांस प्रभूच्या मागे जाणाऱ्या मनुष्यापेक्षा स्वतःस शिक्षा करणारा मनुष्य अधिक दिसतो; जणू काय बायको व मूल मेली असता आपण जिवंत राहिलो हाच अपराध. जखमेस पवित्रता समजण्याची ही चूक मोठमोठ्या भक्तांच्या हातून झाली आहे. आणि तिचा धोका असा की, बाहेरचे लोक अशा मनुष्यास साधू समजून नमस्कार करितात व त्याच्या जवळ कोणी जात नाही.

आता वैद्यांचे काय म्हणणे आहे तेही सांगतो. 1914 ते 1918 च्या महायुद्धात शिपायांमध्ये अशी लक्षणे इतकी दिसली की डॉक्टरांस त्यांकडे लक्ष द्यावे लागले. पुढे 1980 साली अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांनी आपल्या यादीत ह्या विकारास आघातानंतरचा तणाव-विकार असे स्वतंत्र नाव दिले. घडलेली गोष्ट जणू आताच घडत आहे अशी पुनःपुन्हा भोगणे, तिची आठवण देणारी माणसे व ठिकाणे टाळणे, सदैव दचकत राहणे, आपणांस दोष लावणे, कोणाविषयी माया न वाटणे, अशी त्याची चिन्हे आहेत, आणि ती महिनाभराहून अधिक टिकली तर तो विकार समजतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या मनुष्यास आज असे नाव चिकटविणे धाडसाचे होईल. जडसन ह्यांच्या दुःखात शोकाचा भाग किती व तुरुंगाचा किती हे कोण सांगेल? आजच्या काळी जाणत्या माणसापाशी बसून घडलेली गोष्ट हळूहळू, क्रमाक्रमाने बोलून घेण्याचे उपचार आहेत, काही औषधेही आहेत. त्यांनी पुष्कळ जण पूर्ण बरे होतात, पुष्कळांचा भार हलका होतो, आणि काही जणांस तो दीर्घकाळ वाहावा लागतो. कोणता मनुष्य कोणत्या वर्गात पडेल हे त्याच्या विश्वासाच्या मापावरून ठरत नाही, जसे हिवताप कोणास लवकर सोडील हे त्यावरून ठरत नाही. जिल्ह्याच्या इस्पितळात ह्या कामाचा डॉक्टर असेल तर उपदेशकाने अशा भावास तेथे घेऊन जाण्यास लाजू नये. आणि मरणाचे विचार बोलून दाखवीत असेल तर उशीर मुळीच करू नये, व त्यास एकटे सोडू नये.

जडसन ह्यांच्या काळी असा डॉक्टर नव्हता. मग त्यांचे काय झाले?

मोलमीनजवळच्या रानात पडक्या पॅगोड्यांच्या पलीकडे, जेथे वाघांचा वावर असे, ते एकटे प्रार्थनेस जाऊन बसत. एके दिवशी ते नेहमीच्या जागी गेले तो तेथे बांबूचे एक साधे बसावयाचे आसन कोणी करून ठेविले होते, आणि ऊन लागू नये म्हणून वरच्या फांद्या एकमेकींत गुंफून मांडव केला होता. हे कोणी केले ते त्यांस कधीच कळले नाही. करणारा होता को द्वा नावाचा मंडळीचा एक ब्रह्मी डीकन. वाघांच्या भयाने त्याच्या काळजाचे पाणी होत असता, तो चोरपावलांनी साहेबांच्या मागावर गेला, ती जागा पाहून आला, आणि हे काम करून निमूट परतला. त्याने साहेबांस बोध केला नाही. रानातून उठून घरी चला असेही म्हटले नाही, कारण ते ऐकले गेले नसते. बसावयाचेच असेल तर निदान सावलीत बसावे, एवढीच त्याची इच्छा. रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडलेल्या एलीया संदेष्ट्यास देवदूताने प्रथम रागे भरले नाही, तर भाकर व पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले, ह्याचे आम्हांस येथे स्मरण होते.

वेड साहेब व त्यांच्या पत्नी, ज्यांनी मारियेस तिच्या शेवटच्या महिन्यांत सांभाळले होते, त्यांनीही जडसन ह्यांस सोडिले नाही. 1829 च्या अखेरीस अमेरिकेहून भाऊ एल्नाथान ह्याच्या मृत्यूचे पत्र आले. मायदेश सोडताना जडसन ह्यांनी ह्या भावाबरोबर वाटेत बर्फावर गुडघे टेकून त्याच्या तारणासाठी प्रार्थना केली होती आणि 17 वर्षे तो भाऊ प्रभूपासून दूरच राहिला होता; आता कळले की तो विश्वासाने मेला. ह्या एका पत्राने अंधार पळाला असे कोणी लिहिले तर ते आम्ही मानणार नाही. पण ह्या सुमारास बांध फुटू लागला एवढे खरे. अंधार आला होता दोन वर्षांत, आणि गेला त्याहून सावकाश.

1830 च्या उन्हाळ्यात ते प्रोम येथे गेले व पॅगोड्याजवळच्या एका पडक्या धर्मशाळेत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलू लागले. तेथून सरकारी अंमलदारांनी त्यांस घालवून दिले. 1831 मध्ये ते रंगूनला होते. तेथील श्वेडागॉन पॅगोड्याच्या मोठ्या यात्रेत दूरदूरच्या मुलखातून लोक आले आणि दारात उभे राहून पत्रिका मागू लागले. जो मागेल त्यासच द्यावयाची असा नियम असूनही सुमारे 10,000 पत्रिका गेल्या. ज्या मनुष्याने दोन वर्षांपूर्वी मित्रांच्या घरचे जेवण सोडिले होते, त्याच्या दारात आता पहाटेपासून माणसे होती, आणि त्यास ते आवडत होते. त्या दिवसांतील त्यांच्या पत्रांत कबरेचे नाव येत नाही; आणखी कागद पाठवा, आणखी छापा, अशी घाई येते.

मग जुन्या कराराचे भाषांतर. मोलमीन येथे देवळाच्या टोकास असलेल्या खोलीत ते बसले, आणि 31 जानेवारी 1834 रोजी शेवटचे पान पुरे झाले. त्याच वर्षी 10 एप्रिल रोजी त्यांनी सारा बोर्डमन ह्या बाईंशी विवाह केला. ह्या बाईंचे पती करेण लोकांमध्ये काम करीत असता 1831 साली वारले होते. तरी त्या मायदेशी परतल्या नाहीत, तर लहान मुलास घेऊन डोंगरांतील करेण मंडळ्यांत फिरत व शाळा चालवीत राहिल्या. शोक काय असतो हे दोघांसही ठाऊक होते. त्यांस आठ मुले झाली, पैकी पाच जगली. जडसन मुलांबरोबर धावत, खेळत, आणि लांब असता त्यांस लाडाची पत्रे लिहीत. ह्या गोष्टीस आम्ही भाषांतराच्या खालोखाल महत्त्व देतो. आघाताने जी पहिली वस्तू हिरावली जाते ती माया. गमावण्याच्या भयाने मनुष्य माया करणेच सोडतो. ज्याने एका मुलीस बेड्यांतून दारोदार फिरविले आणि पुरले, त्याने पुन्हा मुलास खांद्यावर घ्यावे, हे आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचे कृत्य होय.

तर ते पूर्ण बरे झाले काय? आम्ही प्रामाणिकपणे लिहितो. बेड्यांचे वण त्यांच्या पायांवर मरेपर्यंत होते. 1845 साली ते अमेरिकेस गेले असता (वाटेत 1 सप्टेंबर रोजी सेंट हेलेना बेटाजवळ साराबाईही वारल्या) गावोगावी लोक त्यांच्या तुरुंगाची गोष्ट ऐकण्यास गर्दी करून येत. साहेबांचा आवाज छातीच्या विकाराने बसला होता. ते हळू बोलत व जवळ उभा असलेला दुसरा कोणी ते मोठ्याने सांगे. आणि ते तुरुंगाविषयी बहुधा बोलतच नसत. ते ख्रिस्ताविषयी बोलत, आणि लोक थोडे हिरमुसून घरी जात. ह्यात नम्रता किती होती, आणि ती दारे उघडण्याची नाखुशी किती होती, हे आम्ही ठरवीत नाही.

परंतु 2 जून 1846 रोजी ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या एमिलीबाईंपाशी, घरच्या बोलण्यात, ते त्या दिवसांविषयी सांगत, आणि पुढे जे आपणांस कळले त्यातील पुष्कळ त्यांच्यामुळेच कळले. एकदा सोबती मंडळी जगातील मोठ्यात मोठे सुख कोणते ह्याविषयी गप्पा करीत होती. जडसन ह्यांनी आपले सांगितले ते असे, की चांदण्या रात्री, गार वाऱ्यात, सुटका होऊन इरावतीच्या प्रवाहातून खाली जावे, बायको शेजारी व तान्हे मूल हातांत असावे. वीस वर्षांपूर्वीची ती रात्र; तिच्या अलीकडे ॲनबाईंचे व मारियेचे मरण, आणि पलीकडे ते 17 महिने. कधी काळी त्यांनी पत्नीची आठवण देणारे कागद नष्ट केले होते. आता ते त्याच आठवणीत आपण होऊन जात होते व तेथून सुख घेऊन परत येत होते. ह्यास बरे होणे म्हणत नसतील तर दुसरे काय म्हणतात ते आम्हांस ठाऊक नाही. 1812 साली सेलेमच्या देवळात जो तरुण गुडघे टेकून बसला तो मात्र परत आला नाही. आणि तो परत यावा अशी अपेक्षाही कोणी करू नये, कारण तशी अपेक्षा करणारे घरचेच लोक दुखणाइताचा भार वाढवितात.

पुढले थोडक्यात आहे. 1846 च्या अखेरीस ते ब्रह्मदेशी परतले आणि इंग्रजी-ब्रह्मी कोशास लागले. तो 1849 साली छापून निघाला. त्यानंतर सर्दीने व तापाने प्रकृती ढासळली, तेव्हा समुद्राच्या हवेसाठी त्यांस एका फ्रेंच गलबतावर चढविण्यात आले. 12 एप्रिल 1850 रोजी ते बंगालच्या उपसागरात वारले व त्याच दिवशी त्यांचा देह समुद्रास अर्पण करण्यात आला. मोलमीनच्या रानातील ती कबर रिकामीच राहिली. एमिलीबाईंस हे वर्तमान कळावयास सुमारे चार महिने लागले. त्यांनी भाषांतर केलेले शास्त्र ब्रह्मी मंडळ्या आजही वाचतात. कोशाचा ब्रह्मी-इंग्रजी भाग त्यांच्या मेजावर अर्धा पडला होता. तो स्टीव्हन्स साहेबांनी पुरा केला आणि 1852 साली मोलमीन येथे छापिला.